धोंडीबाची जोड

जत तालुक्यात बैलांचे दलाल पैशाला पासरी होते, पण जोड लावणारा माणूस एकच, धोंडीबा चंदनशिवे. दोघांत फरक आहे. दलाल तुमच्या गळ्यात बैल मारतो आणि पुढच्या बाजाराला ओळख दाखवत नाही. ज्याच्या दावणीला एकच बैल उरला आहे, त्याला त्याच्या जोडीचा दुसरा हुडकून देणं हे धोंडीबाचं काम. रंग, उंची, शिंगांचा घेर, पाय टाकायची लय, सगळं बघून तो जोड लावायचा, आणि त्यानं लावलेली जोड आठ-आठ वर्षं एका जुवाखाली गुण्यागोविंदानं नांदायची.

त्याचा कायदा मात्र कडक होता. घरचा बैल बाजारात आणायचा, नव्याच्या शेजारी उभा करायचा, मग बोलायचं. कुणी म्हणालं, "आवं, आमचा बैल असा असा हाय, तुमीच बघून घ्या की," तर धोंडीबा नुसता हसायचा. "हात बघितल्याबिगर बांगडी भरतोस व्हय रं?" एवढं बोलून तो पानाला चुना लावायला लागायचा. दुसरं कलम असं, की लागलेली जोड फोडायची नाही. भावाभावांनी वाटणीत एक-एक बैल घेतला की धोंडीबाला घास गोड लागत नसे.

बैलाचं वय दातांवरून कळतं, हे तिकडं शेंबड्या पोराला ठाऊक असतं. पण दात मोजणं वेगळं आणि दात ओळखणं वेगळं. सीमेपलीकडचा कानडी व्यापारी 'एरडु हल्लु, एरडु हल्लु' म्हणत बैलाचा जबडा उघडायचा. धोंडीबा वाकून बघायचा आणि म्हणायचा, "दोनदाती कशाचा, चारदाती हाय. उरलेलं दोन दात तुझ्या खिशात ठेवलंस काय?" व्यापाऱ्याला मराठी येत नसलं, तरी भोवतीची माणसं हसायला लागली की त्याला अर्थ कळायचा.

ह्या धंद्यात तो आला तोही एका शब्दाखातर. त्याचा बाप गावातली मेलेली जनावरं ओढायचा. छप्पन साली बापानं धम्म घेतला, ओढण्याचा दोर विहिरीत टाकला आणि पोराला सांगितलं, "आता मेलेल्या जनावराला हात लावायचा न्हाई." अठरा वर्षांच्या धोंडीबानं तो शब्द पाळला आणि जिवंत जनावरांत शिरला. सुरुवातीला बाजारातली माणसं नाकं मुरडायची. पाच-सहा वर्षांनी तीच माणसं, धोंडीबा आला का, म्हणून झाडाखाली ताटकळत बसायला लागली.

पुढं ट्रॅक्टर आले. नांगरट भाड्यानं व्हायला लागली, बैल कमी झाले, आणि जोड लावायला कुणी येईना. त्यातच बायको, आक्काताई, गेली. घरात धोंडीबा आणि त्याची एकुलती एक पोरगी आम्रपाली, एवढीच दोन माणसं राहिली. आम्रपालीनं सांगलीच्या एका छापखान्यात चार वर्षं संगणकावर मजकूर जुळवायचं काम केलं होतं. आई गेल्यावर ती परत आली आणि छापखान्याचाच एक जुना पेंटियम संगणक घेऊन तिनं जतच्या स्टँडजवळ एका गाळ्यात डीटीपीचं दुकान थाटलं. लग्नपत्रिका, हँडबिलं, पतसंस्थांचे अहवाल. धोंडीबाचं काम शटर उघडायचं, धूळ पुसायची आणि गिऱ्हाइकाला 'बसा' म्हणायचं. ह्यापलीकडं आपला इथं काही उपयोग नाही असं त्याला वाटायचं, आणि खरं सांगायचं तर ते त्याला फार लागायचं.

अठ्ठ्याण्णव सालच्या जानेवारीत आम्रपालीला पहिलं मोठं काम मिळालं. शाळांचे केंद्रप्रमुख हंबीरराव गुरुजी स्वतः दुकानात आले आणि चौथी-सातवीच्या स्कॉलरशिपच्या सराव प्रश्नपत्रिका तिच्या टेबलावर ठेवून गेले. सोमवारी सकाळी अकराला सगळी पानं बटर पेपरवर तयार पाहिजेत. झाली तर वर्षभराचं काम तिचं, नाही झाली तर इथून पुढं सगळं सांगलीला जाणार. गुरुजी गोड बोलले, पण सोमवार हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला.

आणि कीबोर्डखाली एक पत्र होतं. सांगलीच्या छापखान्यानं लिहिलं होतं की एक तारखेपासून परत कामावर ये. आम्रपालीनं ते धोंडीबाला अर्धंच वाचून दाखवलं होतं. उरलेलं अर्धं न वाचताच त्याला समजलं. हे काम हातचं गेलं तर पोरगी सांगलीला जाईल, आणि आपण जतच्या घरात चूल आणि भिंत बघत बसू. त्यानं हे तिला एका शब्दानं बोलून दाखवलं नाही. पण त्या आठवड्यात त्यानं गाळ्याचा उंबरा दिवसातून तीन वेळा पुसला.

गणिताच्या पानांत आकृत्या आल्या आणि मशीन अडून बसायला लागलं. वर्तुळ काढलं की पडदा गोठायचा. "मेमरी कमी पडतीया, आबा," आम्रपालीनं सांगितलं. "आत आठ-आठच्या दोन पट्ट्या हायत. अजून दोन घातल्या की पळंल." शुक्रवारी तिनं सांगलीला महेंद्र सरवदेला फोन लावला. महेंद्र हा संगणक दुरुस्त करणारा तरुण, छापखान्यातली तिची ओळख. हा पेंटियम जतला आणून बसवला तोही त्यानंच. तो फोनवर म्हणाला, पेंटियम आहे म्हणजे ईडीओ मेमरी लागणार, काकांना पाठव, मी काढून ठेवतो. आम्रपालीनं तसं चिठ्ठीवर लिहिलं आणि चिठ्ठी बापाच्या हातात दिली. तिला स्वतःला खुर्चीवरून हलायला फुरसत नव्हती.

धोंडीबानं चिठ्ठी उलटसुलट करून बघितली. "घरची एक पट्टी संगं नेतो," तो म्हणाला.

"आबा, ती काय बैलं न्हवंत. सगळं लिवलंय की चिठ्ठीत."

"चिठ्ठीला दात असत्यात व्हय?"

आम्रपालीला हसू आलं, पण तिनं पडद्यावरची नजर काढली नाही. "तुमी फकस्त जावा आन घेऊन या. पहिल्या गाडीनं."

मशीन बसवायला आला होता त्या दिवशी महेंद्रनं त्या पट्ट्या बाहेर काढल्या होत्या, आणि त्यांच्या खालच्या कडेची चकचकीत टोकं शाळेतल्या खोडरबरानं घासली होती. धोंडीबा शेजारी उभा राहून सगळं बघत होता. पट्टीच्या दोन बाजूंच्या पितळी कड्या बोटांनी बाहेर दाबायच्या, पट्टी पुढं कलती करायची, की ती अलगद हातात येते. ती टोकं म्हणजे त्याच्या लेखी दात होते. एका ओळीत बहात्तर. अशा जनावराची जोड नुसत्या चिठ्ठीवर आणायची ही गोष्ट काही त्याच्या गळी उतरेना.

शनिवारी उजाडायच्या सुमाराला तो किल्ली घेऊन आधी गाळ्यावर गेला. मशीनचं झाकण सरकवलं, कड्या दाबल्या आणि एक पट्टी काढून भाकरीच्या धुतलेल्या फडक्यात गुंडाळली. दुसरी जागेवर ठेवली. दोन्ही नेल्या असत्या तर पोरीचं काम थांबलं असतं, एवढा विचार त्यानं केला होता. एक बैल आजारी पडला तर माणूस दुसऱ्यावर कोळपं चालवतोच की. तसंच मशीनही एका पट्टीवर दिवसभर रेटेल, जरा सावकाश. अशा हिशेबानं, जन्मभर दुसऱ्याला जोड फोडू नका म्हणणाऱ्या माणसानं आपल्या घरची जोड फोडली आणि फडकं बंडीच्या आतल्या खिशात घालून तो खुशाल सांगलीच्या गाडीत बसला.

गाडी कवठेमहांकाळ, मिरज करत दहाच्या पुढं सांगलीला पोचली. गणपती पेठेमागच्या बोळात महेंद्रचं दुकान होतं. महेंद्र दाराशीच उभा होता.

"जय भीम, काका. पट्टी तुमच्याकडंच हाय न्हवं?"

"जय भीम. हाय की. तुला कसं कळलं?"

"आम्रपालीचा दोनदा फोन आला बूथवरनं. मशीन चालूच होईना. पडदा काळा, नुसतं टी-टी वरडतंय."

"आरं, एक तर ठेवलीया आत."

"पेंटियमला ह्या पट्ट्या जोडीनंच लागत्यात, काका. एक काढली की दुसरी असून नसल्यागत."

धोंडीबा स्टुलावर बसला. महेंद्रनं पाण्याचा तांब्या पुढं केला, त्याला त्यानं हात लावला नाही. फडकं त्यानं मांडीवर उलगडलं आणि त्या हिरव्या पट्टीकडं बघत राहिला. शनिवार गेला. सोमवार आणि पोरगी ह्यांच्यामध्ये फक्त एक रविवार उरला, आणि हे दुसऱ्या कुणी केलेलं नव्हतं.

"मी जोड फोडली, महेंद्र," तो म्हणाला. "मला तेवढंच एक येत हुतं."

त्याला लगेच परत जायचं होतं, पण नुसती घरची पट्टी नेऊन आकृत्या निघणार नव्हत्या. महेंद्रनं त्याला थोपवलं. चिठ्ठीप्रमाणे काढून ठेवलेल्या दोन पट्ट्या त्यानं टेबलावर मांडल्या आणि शेजारी घरची ठेवली. पुडकं बांधता बांधता त्याचा हात थांबला. त्यानं घरची पट्टी उजेडात धरली, तिच्यावरचे बारीक आकडे वाचले आणि मान खाजवली.

"काका, ही ईडीओ न्हाई. आधीच्या जातीची हाय. तुमचं बोर्ड पहिल्यावहिल्या पेंटियमचं दिसतंय, त्येला ही नवी जात चालायची न्हाई."

"हितं बी जात?" धोंडीबानं विचारलं.

महेंद्र हसला. "हाय, पण वरची-खालची न्हाई. नुसती येगळी."

"मग बरं."

"मी फोनवर अंदाजानं सांगितलं, त्येच चुकलं. तुमी ही आणली नसती तर चुकीची जोड घेऊन गेला असता. जतवरनं परत हितं यायला आज गाडी न्हाई, आन उद्या दुकान बंद."

हे ऐकून धोंडीबाला जरा हुशारी वाटली, पण त्यानं चेहऱ्यावर तसं दिसू दिलं नाही. महेंद्रनं फळीवरून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा उतरवला. जुन्या मशिनांतून निघालेल्या पट्ट्या त्यात खच्चून भरल्या होत्या. त्यातून त्यानं आठाच्या दोन काढल्या. "ह्या घ्या. दोन्ही जुन्या जातीच्या."

धोंडीबानं त्या घरच्या पट्टीच्या दोन बाजूंना ठेवल्या. मग आयुष्यभर बाजारात जे केलं तेच केलं. आधी लांबून बघितलं, मग वाकून, मग बोट फिरवून. दुकानात दुसरं गिऱ्हाईक आलं होतं, तेही मान पुढं करून बघायला लागलं.

"ही जोड न्हाई," तो म्हणाला.

"आवं, सारखीच हायत की."

"हिचं दात पिवळं हायत. घरचीचं पांढरं."

महेंद्रनं बघितलं. खरंच एका पट्टीच्या टोकांना सोन्याचा मुलामा होता. "चालतंय तसं," तो म्हणाला. "पण तुमच्या बोर्डाच्या खाचा पांढऱ्या हायत. पिवळं-पांढरं एकत्र आलं की वरीस-दोन वर्षांनी गंज धरतंय."

"मग न्हाई चालत म्हण की. आन ह्या आकड्यांचं काय? सगळ्यांत शेवटी हिच्यावर गाठीसारखा आकडा हाय. घरचीवर हाय तो विळ्यासारखा."

धोंडीबा दोन यत्ता शिकलेला, तोही मराठी. इंग्रजी आकडे त्याला वाचता येत नव्हते, पण वशिंडाचा एक बोटाचा फरक वीस हातांवरून ओळखणाऱ्याला सहा आणि सात वेगळे दिसायला वाचता कशाला यायला पाहिजे? महेंद्रनं सांगितलं की तो वेग आहे. सहावाली पट्टी चपळ, सातवाली थोडी धिमी.

"मग एका जुवाखाली कशी घालतोस त्यास्नी? चपळ पुढं वडतंय, धिमं मागं ऱ्हातंय, आन जू वाकडं. दोन्ही विळ्याच्या काढ."

डबा टेबलावर ओतला गेला. महेंद्र जात आणि आकार बघून एक-एक पट्टी पुढं सरकवायचा, धोंडीबा दात आणि विळा बघून बाजूला सारायचा. असं अर्धा तास चाललं. शेवटी पांढऱ्या दाताच्या, विळ्याच्या आकड्याच्या, अंगावर काळे चौकोन सारखेच असलेल्या दोन पट्ट्या एकापुढं एक आल्या. धोंडीबानं त्या जवळ घेतल्या, त्यांची तोंडं एका दिशेला केली आणि पहिल्यांदा पाणी प्यायला.

"आता जुंपून दाव," तो म्हणाला. "जुंपल्याबिगर मी बैल कवा नेला न्हाई."

महेंद्रच्या टेबलावर तपासणीचं एक उघडं बोर्ड होतं, जुनंच. त्यानं आधी घरची पट्टी घेतली, तेव्हा धोंडीबा टेबलाजवळ सरकला. गाडीतल्या धक्क्यांत ती मेली तर नसेल? बापाचे शब्द आणि तो दोर त्याला उगीच आठवला. "लोकरीत गुंडाळली न्हवती न्हवं? लोकर घासून वीज तयार हुती, तिनं पट्टी मरती," महेंद्रनं विचारलं. धोंडीबानं फडकं वर करून दाखवलं. घरची आणि नवी एक, अशी जोडी बसली, बटण दाबलं, पडद्यावर आकडे चढायला लागले आणि सोळा हजारांच्या पुढं जाऊन थांबले, म्हणजे आठ आणि आठ सोळा पुरे. मग घरची आणि नवी दुसरी. पुन्हा तेवढेच. धोंडीबानं मिशीवरून हात फिरवला. सगळ्यात आधी त्यानं घरची पट्टी परत मागून घेतली.

तो जतला उतरला तेव्हा पाच वाजत आले होते. आम्रपाली गाळ्यात बसून बटर पेपरवर शाईच्या पेनानं वर्तुळं काढत होती. दिवसभर तिनं हातानं जेवढ्या आकृत्या निघतील तेवढ्या काढल्या होत्या, आणि बोटं काळी झाली होती. तिनं बापाकडं बघितलं. ती ओरडली असती तर धोंडीबाला सोपं गेलं असतं. ती नुसती उठली आणि मशीनचं झाकण काढून बाजूला ठेवलं.

"आधी घरची जोड," धोंडीबा हळूच म्हणाला. "मग नवी."

"तुमीच बसवा, आबा. माजं हात शाईचं हायत."

तिनं बॅटरी धरली. त्यानं घरची पट्टी तिच्या जागी कलती ठेवून उभी केली, दोन्ही कड्या टक टक वाजल्या. मग शेजारच्या दोन जागांत नवी जोडी. आम्रपालीनं बटण दाबलं. मशीन एकदाच टिक करून बोललं आणि पडद्यावर आकडे चढायला लागले. सोळाशी थांबले नाहीत, पुढं निघाले, आणि जिथं थांबले ते बघून आम्रपालीनं डोळे मिटून घेतले.

"किती?" धोंडीबानं विचारलं.

"बत्तीस, आबा."

"म्हंजी बत्तीशी पुरी झाली."

ती हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. धोंडीबाला मग राहवलं नाही. "मला वाटलं एकीवर चालंल, सावकाश. चुकलो मी. तुझा सबंध दिस गेला."

आम्रपालीनं शाईचा हात पदराला पुसला. "एकीवर चालत न्हाई, आबा," ती म्हणाली. "ह्येचं बी न्हाई आन माजं बी न्हाई."

रविवारी दिवसभर मशीन कुठंही न अडता चाललं. सोमवारी अकराला पाच मिनिटं कमी असताना हंबीरराव गुरुजींनी पानं चाळली, एका आकृतीजवळ थांबले, 'ही हातानं काढलीय का? छान आहे' म्हणाले आणि पुढच्या महिन्याची घटक चाचणी ठेवून गेले. दुपारी आम्रपालीनं कीबोर्डखालचं पत्र काढलं आणि त्याला उत्तर लिहिलं. ह्या वेळी तिनं ते धोंडीबाला शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवलं, आणि पोस्टात टाकायला त्याच्याच हातात दिलं. स्टँडपासून पोस्टापर्यंतचा रस्ता तो त्या दिवशी कसा गेला, हे बघणारे अजून सांगतात.

मग ही गोष्ट तालुक्यात पसरायला कितीसा वेळ लागणार? कुणाच्या पतसंस्थेचं मशीन, कुणाच्या टायपिंग क्लासचं. माणसं कागदात पट्टी गुंडाळून धोंडीबाकडं यायला लागली. नुसती चिठ्ठी घेऊन आला त्याला तो बांगडीचंच ऐकवायचा. महिन्यातून एकदा सांगलीला जायचा, महेंद्रचा डबा टेबलावर ओतायचा आणि जोड लावून आणायचा. महेंद्रनं त्याच्यासाठी एक चांगलं भिंग घेऊन ठेवलं. ते धोंडीबानं कधी वापरलं नाही, पण दर खेपेला पुसून जागेवर ठेवलं.

नव्याण्णव सालच्या दिवाळीत आम्रपालीनं नवा संगणक घेतला. महेंद्र तो बसवायला आला. धोंडीबा सवयीनं शेजारी उभा राहिला. ह्या वेळी आत गेली ती एकच लांब पट्टी.

"आन दुसरी?"

"आता जोड लागत न्हाई, काका. नव्या मशिनात एकटी बी चालती."

महेंद्रनं हे सांगताना धोंडीबाकडं बघायचं टाळलं. ह्या माणसाच्या हातातलं दुसरंही काम गेलं, एवढं त्याला कळत होतं. आम्रपालीलाही कळत होतं.

धोंडीबा वाकला. बॅटरी घेऊन त्यानं बोर्ड नीट बघितलं. त्या पट्टीच्या शेजारी तशीच एक खाच रिकामी होती, दोन्ही बाजूंना कड्या लावलेली.

"एकटी चालती म्हंतोस," तो म्हणाला. "मग शेजारी ही जागा कशापायी ठिवलीया?"

पुढं मेमरी वाढवायला, हे उत्तर महेंद्रला येत होतं, पण तो पेचकस पिशवीत ठेवायला लागला. गिऱ्हाइकांच्या बाकावर बसलेली आम्रपाली जरा सरकली, आणि धोंडीबा बॅटरी बंद करून तिच्या शेजारी बसला.